रॉक-गायकांचें उत्तरवय

इ. स. २०२४ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत 'रोलिंग स्टोन्स' ह्या प्रख्यात इंग्रज गायक-वादक मंडळीनें उत्तर अमेरिकेचा दौरा केला. ह्या दौऱ्याचा पुरस्कार 'एएआरपी' नांवाच्या संस्थेनें केला होता. पन्नाशी उलटलेल्या व निवृत्त झालेल्या लोकांच्या हितासाठीं अमेरिकेंत झटणारी ही संस्था होय. ज्या मंडळीच्या नुसत्या नांवानें साठ वर्षांपूर्वीं आईबापांच्या कपाळाला आठ्या पडत, तिचे जलसे आतां आजीआजोबांच्या संस्थेच्या आश्रयाखालीं व्हावे, ह्या योगायोगाचें पुष्कळांस हसूं आलें. मंडळीचा मुख्य गायक मिक जॅगर हा त्या वेळीं ऐंशी वर्षांचा होता. २१ जुलैस दौरा संपला आणि पांचच दिवसांनीं त्याला एक्याऐंशी वर्षें पुरीं झालीं. ह्याच जॅगरनें १९७५ सालीं, 'सॅटिस्फॅक्शन' हें आपलें गीत पंचेचाळिसाव्या वर्षींही गात राहावें लागण्यापेक्षां मरण बरें, अशा अर्थाचे उद्गार काढिले होते. तें गीत १९६५ त ध्वनिमुद्रित झालें तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता. २०२४ च्या दौऱ्यांतही तें होतेंच.

तेव्हां म्हाताऱ्या रॉक-गायकांनीं गांवोगांव हिंडत राहावें कीं स्वस्थ घरीं बसावें, हा प्रश्न हल्लीं चोहोंकडे थट्टेच्या स्वरांत विचारला जातो. आम्हांस तो थट्टेचा वाटत नाहीं. माणसानें आपलें काम केव्हां खालीं ठेवावें, आणि तें ठरविण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा कीं पाहणाऱ्यांचा, हें त्यांत गुंतलेलें आहे. शिवाय सतारियाला किंवा कीर्तनकाराला जो प्रश्न कोणी विचारीत नाहीं, तो रॉक-गायकालाच कां विचारला जावा, हेंही पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं थोडें मागें जाणें जरूर आहे.

रॉक संगीताचा मूळ झरा अमेरिकेंतील काळ्या लोकांचें 'ब्लूज' नांवाचें गाणें. ह्या गाण्यांत वार्धक्याची लाज कोणासच नव्हती. किंबहुना दुःख भोगलेला, सुरकुतलेला गवई हाच त्यांत अधिक अधिकारी मानला जाई. मडी वॉटर्स १९८३ त वारला तोंपर्यंत गुरुस्थानींच होता. रोलिंग स्टोन्सनीं आपलें नांवच मुळीं त्याच्या एका गीतावरून घेतलें. बी. बी. किंग ह्यानें १९५६ ह्या एका वर्षांत ३४२ जलसे केल्याचें सांगतात, आणि १९२५ सालीं जन्मलेला हा गृहस्थ २०१४ च्या आक्टोबरापर्यंत गातच होता. रॉकनें ब्लूजपासून स्वर घेतले, ताल घेतला, गिटार घेतली. पण म्हातारें होण्याची त्याची परवानगी मात्र घेतली नाहीं.

ह्याचें कारण गाण्यापेक्षां गिऱ्हाइकांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत सुबत्ता आली आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या खिशांत प्रथमच स्वतःचा पैसा खुळखुळूं लागला. त्यांना आईबापांहून निराळें असें कांहीं तरी हवें होतें, तें ह्या संगीतानें दिलें. आतां मौज अशी कीं, प्रथम हें गाणें गाणारे सर्वच कांहीं कोंवळे नव्हते. १९५५ त 'रॉक अराउंड द क्लॉक' ह्या गीतानें देश दणाणून सोडणारा बिल हॅली तीस वर्षांचा होता. शाळेची घंटा, मोटार आणि पोरवयाचें प्रेम ह्यांवर गीतें रचणारा चक बेरी त्याच सालीं प्रथम पुढें आला, तेव्हां त्याची एकुणतिशी चालू होती आणि लग्नही झालेलें होतें. म्हणजे तारुण्य हें गाणाऱ्याचें वय नव्हतें. ती एक भूमिका होती, नाटकांतल्यासारखी. पुढें १९६० नंतर इंग्लंडांत बीटल्स, स्टोन्स, 'द हू' ह्या मंडळ्या निघाल्या, त्यांतील मुलें खरोखरच विशीच्या आसपासचीं होतीं, आणि मग भूमिका व वय ह्यांतला भेद लोक विसरले. 'द हू'च्या पीट टाउनशेंडनें १९६५ त, विसाव्या वर्षीं, म्हातारपण येण्याआधींच मरण यावें अशी इच्छा एका गीतांत गोंवून ठेविली, आणि तें गीत एका पिढीची प्रतिज्ञा होऊन बसलें.

कांहींनीं ती प्रतिज्ञा, इच्छा असो वा नसो, पाळली. जिमी हेंड्रिक्स व जॅनिस जॉप्लिन १९७० त आणि जिम मॉरिसन १९७१ त, तिघेही सत्ताविसाव्या वर्षीं गेले. टाउनशेंडच्याच मंडळींतला ड्रम वाजविणारा कीथ मून १९७८ त बत्तिसाव्या वर्षीं गेला. जे जगले ते मात्र वचनभंगाचे आरोपी ठरले. लोकांचा खरा राग वार्धक्यावर नाहीं, जगण्यावर आहे, असें कधीं कधीं आम्हांस वाटतें.

आतां दौरे कां चालतात हें थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत गूढ असें फारसें नाहीं. पूर्वीं दौरा हा ध्वनिमुद्रिका खपविण्याचें साधन असे. १९९९ नंतर संगणकावरून गाणीं फुकट मिळूं लागलीं, मुद्रिकांचें उत्पन्न आटलें, आणि दौरा हीच मुख्य कमाई झाली. एल्टन जॉनचा निरोपाचा दौरा २०१८ च्या सप्टेंबरांत सुरू होऊन २०२३ च्या जुलैंत स्टॉकहोम येथें संपला. त्यांत ३३० जलसे झाले व ९३ कोटी डॉलरांहून अधिक रकमेचीं तिकिटें खपलीं. अशा एका दौऱ्यावर शेंकडों माणसांचें पोट असतें. 'द हू'चा जॉन एंटविसल हा २७ जून २००२ रोजीं, दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं, लास व्हेगास येथें वारला, आणि १ जुलैस त्याच्या जागीं दुसरा मनुष्य उभा करून दौरा सुरू झाला. हें ऐकून प्रथम मन शहारतें. मग करारमदार, विमे आणि मालमोटारी हांकणारीं माणसें आठवतात. गाणें हा आतां एक कारखाना झाला आहे, आणि कारखान्याचा भोंगा कोणाच्या मरणानें थांबत नाहीं. ही गोष्ट आम्हांस आवडते असें नाहीं.

निरोपाचे दौरे मात्र रॉकवाल्यांनीं शोधून काढिले असें कोणीं समजूं नये. आडेलिना पॅटी ह्या विख्यात गायिकेनें वर्षानुवर्षें निरोप घेतले आणि १९०६ च्या डिसेंबरांत लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्यें एकदाचा शेवटचा घेतला. त्यानंतरही १९१४ त ती रेडक्रॉसच्या मदतीसाठीं गाइली, पण तें क्षम्य आहे. नेली मेल्बाचे निरोप तर इतके झाले कीं, ऑस्ट्रेलियांत ती एक म्हणच पडली. तरी पण रॉकवाल्यांनीं ह्या कलेंत जी मजल मारली तिला तोड नाहीं. 'द हू'नीं १९८२ त निरोप घेतला, १९८९ त ते परत आले, आणि २०२५ त पुन्हां अमेरिकेचा निरोप घेण्यास गेले. 'मॉटली क्रू' नांवाच्या मंडळीनें तर २०१४ त वृत्तपत्रकारांस बोलावून, यापुढें दौरा न करण्याच्या रीतसर करारावर सह्या केल्या; १९१५ च्या नव्हे, २०१५ च्याच डिसेंबराच्या अखेरच्या रात्रीं शेवटचा जलसा केला; आणि २०१९ त तोच करार सुरुंगानें उडविल्याचें चित्र दाखवून आपण परत येत असल्याचें जाहीर केलें. शेवटचें म्हणून ज्यांनीं दुप्पट दाम मोजला त्यांची ही उघड फसवणूक आहे. म्हाताऱ्यानें गावें कीं न गावें ह्याविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु मरणाचें भय दाखवून तिकिटें विकूं नयेत, ह्याविषयीं तो असूं नये.

ह्याहूनही चमत्कारिक प्रकार २७ मे २०२२ पासून लंडनांत सुरू झाला. 'आबा' ह्या स्वीडिश मंडळीच्या चौघांनीं स्वतः घरीं राहून, १९७९ सालच्या सुमाराच्या आपल्या तरुण रूपांच्या यंत्रनिर्मित प्रतिमा रंगमंचावर पाठविल्या. वादक खरे, श्रोते खरे. गाणारीं मात्र छायारूप आणि कायमचीं तरुण. ययातीनें पुत्राजवळ तारुण्य उसनें मागितलें. ह्यांनीं तें आपल्याच भूतकाळाजवळ मागितलें, आणि तेथें नाहीं म्हणणारा यदु कोणी नव्हता. लोक हजारोंनीं जातात व सद्गदित होऊन परततात. ह्याला आम्ही वाईट म्हणत नाहीं, पण निवृत्तीचा पुरस्कार करणाऱ्यांनीं हें चित्र डोळ्यांपुढें ठेवावें. रॉकमध्यें म्हाताऱ्या देहाला जागा नाहीं असें एकदां ठरविलें, कीं शेवटीं उरतें तें हें.

येथें एक आठवण सांगण्याची परवानगी घेतों. रोलिंग स्टोन्स २००३ च्या एप्रिलांत हिंदुस्थानांत आले होते. ४ तारखेस बंगलोरास आणि ७ तारखेस मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर त्यांचे जलसे झाले. आम्ही त्या गर्दींत होतों, आणि खरें सांगावयाचें तर थोडे हंसण्याच्याच तयारीनें गेलों होतों. जॅगरची तेव्हां साठी जवळ आली होती. मनुष्य रंगमंचाच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सारखा धांवत होता. आमच्याबरोबरचे एक वयस्क स्नेही म्हणाले, "ह्याला दम लागत नाहीं, आपल्याला नुसतें बघून लागतो." आम्ही हंसलों, पण परततांना हसूं ओसरलें होतें. ह्या मनुष्याकडून आम्हांला काय हवें होतें? तो तरुण असल्यासारखा नाचला तर तें अशोभनीय. शांत बसून गाइला तर तो 'पूर्वींचा' राहिला नाहीं. आणि गाइलाच नाहीं तर आमचे पैसे बुडाले! महाराष्ट्रीय रसिकांस ही कोंडी अपरिचित नाहीं. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही तरुण नायिकांच्या भूमिका करीत, तेव्हां थोरल्या पिढीचे कित्येक लोक डोळे मिटून ऐकत बसत असें सांगतात. डोळे कोणाच्या लाजेनें मिटले होते, गाणाऱ्याच्या कीं स्वतःच्या, हें त्यांनाही सांगतां आलें नसतें. ऐकणारा आपलें गेलेलें तारुण्य गवयापाशीं ठेव म्हणून ठेवतो, आणि ती ठेव घटलेली दिसली कीं त्याच्यावरच रागावतो.

ह्या कोंडींतून वाट काढणारा मनुष्य म्हणजे लेनर्ड कोहेन. कोहेन हा मूळचा मॉन्ट्रियलचा कवि; रॉक-संगीताच्या मानकऱ्यांत त्याची गणना २००८ त झाली. १९९३ च्या दौऱ्यानंतर त्यानें रंगमंच सोडला आणि कॅलिफोर्नियांतील माउंट बाल्डी येथील झेन मठांत कित्येक वर्षें काढिलीं. तेथून निघाल्यावर १९९९ त तो मुंबईस आला, तो गाण्यासाठीं नव्हे. निसर्गदत्त महाराजांचे शिष्य व बँकेच्या वरिष्ठ अधिकारावरून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर ह्यांचीं प्रवचनें ऐकण्यासाठीं तो येई व साध्या हॉटेलांत राही. म्हणजे वानप्रस्थ म्हणून जें आम्ही म्हणतों तें ह्या मनुष्यानें यथासांग केलेलें होतें. पुढें २००४ च्या सुमारास असें उघडकीस आलें कीं, त्याच्या जन्मभराच्या बचतीचा बहुतेक भाग त्याच्या पूर्वींच्या व्यवस्थापकाकडून नाहींसा झाला आहे. २००६ त न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. परंतु निकालानें तिजोरी भरत नाहीं. तेव्हां वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, ११ मे २००८ रोजीं, कॅनडांतील फ्रेडरिक्टन नांवाच्या लहानशा शहरीं तो पंधरा वर्षांनीं पुन्हां श्रोत्यांपुढें उभा राहिला.

पोटासाठीं बाहेर पडलेल्या म्हाताऱ्याची ही कथा करुण व्हावयास हवी होती. ती तशी झाली नाहीं, कारण कोहेननें तारुण्याचें सोंग घेतलेंच नाहीं. अंगांत नीट शिवलेला सूट, डोक्यावर हॅट; साथीदार एकटा वाजवूं लागला कीं ती हॅट काढून छातीशीं धरावयाची व मान लववून ऐकत राहावयाचें. आवाज वयाबरोबर खोल खोल उतरत गेला होता. त्यानें गाणींही त्याच्याबरोबर खालीं उतरविलीं आणि सावकाश केलीं. विशी-तिशींत लिहिलेलीं पदें सत्तरीच्या आवाजांत आलीं, तेव्हां त्यांचा अर्थच निराळा लागला. जणूं तीं ह्याच दिवसासाठीं लिहून ठेविलीं होतीं. तीन तीन तास तो गाई. १८ सप्टेंबर २००९ रोजीं स्पेनमधील वॅलेन्सिया येथें तो रंगमंचावरच कोसळला. तीन दिवसांनीं, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशीं, बार्सिलोनांत पुन्हां उभा राहिला. २०१० च्या अखेरपर्यंत सुमारें अडीचशें जलसे झाले. गेलेला पैसा भरून निघाला असावा. तरीही २०१२ त तो पुन्हां निघालाच, आणि तेव्हां त्याला कोणीं जबरी केली नव्हती.

कोहेनचें उदाहरण पाहिलें म्हणजे आमचें मत सांगण्यास अवघड जात नाहीं. गवयानें गाण्याला आपल्याबरोबर म्हातारें होऊं द्यावें. मग तो नव्वदीपर्यंत गाओ. बॉब डिलन हेंच अधिक उद्धटपणें करीत आला आहे. १९८८ च्या जूनपासून त्याचें जें हिंडणें सुरू झालें, त्यांतील जलशांची संख्या २०१९ तच तीन हजारांवर गेली होती. आणि तो आपल्या जुन्या गीतांच्या चाली इतक्या बदलतो कीं अर्धें पद होईपर्यंत श्रोत्यांस गीत ओळखूं येत नाहीं. लोक कुरकुरतात. कुरकुरोत. आठवणी जशाच्या तशा परत मिळाव्यात, असें तिकिटावर कोठें छापलेलें नसतें.

परंतु ह्या मतालाही अडचण आहेच, आणि ती लपविणें बरें नव्हे. शरीर थकणें एक. बुद्धि थकली तर? ग्लेन कॅम्बेल हा रॉकपेक्षां कंट्री-गायनाचा म्हणून अधिक प्रसिद्ध. परंतु तरुणपणीं रॉकच्या कित्येक मुद्रिकांवर त्याचीच गिटार वाजलेली आहे. २०११ च्या जूनमध्यें त्याच्या कुटुंबानें जाहीर केलें कीं, त्याला आल्झायमर नांवाचा स्मृतिभ्रंशाचा विकार जडला आहे, आणि तरीही तो निरोपाच्या दौऱ्यावर निघणार आहे. साथीला त्याचींच मुलें होतीं. पुढ्यांत गीताचे शब्द दाखविणारा पडदा असे. कधीं तो नुकतेंच गाइलेलें गीत पुन्हां सुरू करी. मुलगी हळूच सांवरून घेई. गिटारीवरचीं बोटें मात्र चुकत नसत. असे १५१ जलसे झाले. शेवटचा ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं. २०१७ त तो वारला. ह्या दौऱ्यास संमति कोणाची? ज्याला काल काय झालें तें आठवत नाहीं, तो 'मला गावयाचें आहे' म्हणाला तर तें किती धरावें? आम्हीं ह्याचा पुष्कळ विचार केला. जलशाआधीं लोकांस सर्व सांगितलेलें होतें, फसवणूक नव्हती. लोकही त्याला गीताचे शब्द पुरवीत. बी. बी. किंगच्या वांट्याला हें आलें नाहीं. २०१४ च्या एप्रिलांत सेंट लुई येथें तो भ्रमिष्टासारखा तेंच तें वाजवूं लागला, तेव्हां श्रोत्यांतून ओरड झाली व कित्येक उठून गेले. दोघेही आजारी, फरक एवढाच कीं, एकाच्या श्रोत्यांस ठाऊक होतें. कॅम्बेलला घरीं बसवावें असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं, आणि त्याला रोज रात्रीं दिव्यांपुढें उभें करावें असेंही म्हणवत नाहीं.

जे आपण होऊन थांबले त्यांच्याविषयीं आम्हांस आदरच आहे. लिंडा रॉन्स्टॅट हिला गातांना स्वर हुकमींत राहत नाहींत असें जाणवूं लागलें, तेव्हां तिनें २००९ त शेवटचा जलसा केला. रोगाचें निदान मागाहून झालें. ग्रेस स्लिक पन्नाशीच्या सुमारास, ह्या वयांत रॉक गाणें शोभत नाहीं असें म्हणून बाजूला झाली व चित्रें काढूं लागली. तिचें म्हणणें तिच्यापुरतें खरें होतें. तें सर्वांस लावावयाचें म्हणजे एकीच्या जोड्यांत सर्वांचे पाय कोंबण्यासारखें आहे.

ऑझी ऑस्बर्न ह्यानेंही १९९२ तच 'आतां दौरे पुरेत' म्हणून एक दौरा काढिला होता, आणि मग तीस वर्षें तो हिंडत राहिला. त्या बाबतींत तो वरच्या खोट्या निरोपवाल्यांतलाच. परंतु पुढें कंपवात जडला, पाठीचा कणा गेला, २०२३ त दौरे खरोखरच बंद झाले. त्यानंतर ५ जुलै २०२५ रोजीं बर्मिंगहॅम येथील व्हिला पार्क ह्या मैदानावर तो एकदां, एकदांच, आला. ज्या ॲस्टन नांवाच्या गरीब वस्तींत त्याचें बालपण गेलें, तेथेंच हें मैदान आहे. त्याला चालवत नव्हतें. काळ्या सिंहासनासारख्या खुर्चींत बसवून त्याला वर आणलें. 'ब्लॅक सॅबथ'चे मूळचे चौघे वीस वर्षांनीं एकत्र झाले. जमलेली रक्कम कंपवाताच्या संशोधनासाठीं, मुलांच्या रुग्णालयासाठीं व आश्रमासाठीं होती. उठून उभें राहण्याची त्याची धडपड सर्वांस दिसत होती, ती झांकण्याचा कोणींच प्रयत्न केला नाहीं. सतरा दिवसांनीं, २२ जुलैस, तो वारला.

आणि चक बेरी? ज्यानें तिशीच्या उंबरठ्यावर उभें राहून शाळकरी पोरांचीं गाणीं रचिलीं, तो १९९६ पासून आपल्या सेंट लुई गांवीं 'ब्लूबेरी हिल' नांवाच्या खाणावळीच्या तळघरांत महिन्यांतून एकदां वाजवीत असे. खोली लहान, छत ठेंगणें. मुलगा गिटार घेऊन शेजारीं, मुलगी बाजा वाजवावयास. शब्द विसरला तर ती दोघें होतीं. हा क्रम २०१४ च्या आक्टोबरापर्यंत, म्हणजे तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत चालला. एकंदर २०९ जलसे त्या तळघरांत झाले. निरोपाचा म्हणून त्यांतला एकही जाहीर झाला नव्हता.